बुंधा पोखरलेला आंबा: आडवा पाडायचा की वरून उतरवायचा?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला रामबागेत जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात आजोबांनी लावलेला रायवळ आंबा आहे. उंची साठेक फूट, छातीच्या उंचीला घेर ११ फूट. एका बाजूला शेजाऱ्यांचं कौलारू छप्पर, दुसऱ्या बाजूला गल्ली आणि तिच्यावरून गेलेल्या विजेच्या तारा, तिसऱ्या बाजूला वाडाच. कोपऱ्यात वीस-बावीस फुटांवर एक कडुनिंब. गेल्या पावसाळ्यात आंब्याच्या बुंध्याशी तपकिरी, चकचकीत, लाकडासारखी कडक बुरशी उगवली. खोडावरच्या भोकांतून भुसा पडतो, एक जाड फांदी वाळली आहे. एक ठेकेदार म्हणतो, ‘हायड्रा क्रेनने ओढून गल्लीत आडवा पाडतो, लाकूड मी नेतो, पैसे नकोत.’ दुसरा चार-पाच दिवस आणि भरपूर पैसे मागतो. काका म्हणतात, झाड हिरवंगार आहे, यंदा मोहोरही आला, हात लावायचा नाही. एप्रिल लागलाय. काय करावं?

दुसऱ्याला बोलवा, पण काम देण्याआधी त्याला काही प्रश्न विचारा. ते पुढे येतील. पहिल्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि काकांचं म्हणणं उडवून लावू नका, कारण त्यांनी जे पाहिलं ते खरंच आहे. झाड हिरवं आहे. अडचण अशी की या रोगात हिरवेपणा काहीच सांगत नाही.

तुम्ही वर्णन केलेली बुरशी बहुधा गॅनोडर्मा आहे. वरून तपकिरी, खालून पांढरट, आणि पिकली की आजूबाजूच्या मातीवर, पानांवर कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ बसते. ती धूळ म्हणजे तिचे बीजाणू. बुंध्यावर जे दिसतं ते फक्त तिचं फळ. खरी बुरशी आत आणि खाली कित्येक वर्षं काम करत असते. ती आधारमुळं आणि बुंध्याचा गाभा खाते, लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन तोडते आणि लाकूड पांढरट, मऊ, स्पंजासारखं होतं. पाणी वर नेणारं लाकूड मात्र सालीलगतच्या बाहेरच्या थरात असतं. तो थर शाबूत असेपर्यंत पानं हिरवी राहतात, मोहोर येतो, फळं धरतात. म्हणून असं झाड वाळून मरत नाही. भर हिरवेपणात, एखाद्या वादळी संध्याकाळी मुळासकट आडवं होतं आणि लोक म्हणतात, ‘काल तर चांगलं होतं!’

झाड जखम भरून काढत नाही, तिला कोंडून टाकतं. अमेरिकेच्या वन विभागातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. कुजलेल्या भागाभोवती झाड आतल्या आत भिंती घालतं आणि बाहेर नवीन लाकूड चढवत राहतं. भिंत टिकली तर शंभर वर्षांचं पोकळ झाडही उभं राहतं. गॅनोडर्मासारख्या बुरशीपुढे ती हळूहळू हरते. यावरून एक गोष्ट निघते: ढोलीत सिमेंट भरणं, चुना लावणं, बुरशीचं छत्र तोडून वर औषध चोपडणं, यातून झाड वाचत नाही. छत्र तोडायचंच असेल तर आधी फोटो काढून ठेवा. परवानगीच्या अर्जाला तोच पुरावा लागतो.

भुशाची भोकं हे वेगळं प्रकरण. ते भिरूड. लांब मिशांचा भुंगा सालीत अंडी घालतो, अळी बोटाएवढी जाड होते आणि महिनोन्‌महिने खोड पोखरत राहते. भिरुडाने एकट्याने एवढं मोठं झाड सहसा पडत नाही, पण फांद्या आतून पोकळ होतात आणि कुठली फांदी वजन घेईल याचा अंदाज चुकतो. चढणाऱ्यासाठी हे बुरशीपेक्षाही वाईट, कारण बुरशी बुंध्याशी दिसते आणि भिरुडाची पोकळी वर, जिथे तो दोर अडकवणार तिथे असते. फांद्यांवर बांडगूळ असेल तर त्याला दोष देऊ नका. ते दुबळ्या फांदीवर ओझं आहे, मूळ आजार नव्हे.

झाड वाचवता येईल का, हे काका विचारणारच. त्यांना घेऊनच पाहणी करा. लाकडी मोगरीने बुंधा चारही बाजूंनी, जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीपर्यंत ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ भाग धप्प वाजतो, आणि फरक कोणालाही कळतो. मग संशयाच्या तीन-चार जागी पाच-सहा मिलिमीटर जाडीचं लांब ड्रिल घालून किती खोलीवर विरोध संपतो ते पाहायचं. कोरडा, फिका किस आला तर लाकूड चांगलं, काळपट ओली भुकटी आली तर कूज. ११ फूट घेर म्हणजे व्यास साडेतीन फूट, त्रिज्या २१ इंच. जर्मनीच्या क्लाउस मॅटेक यांचा ढोबळ ठोकताळा असा की पोकळीभोवतीची निरोगी भिंत त्रिज्येच्या साधारण ३० टक्क्यांहून कमी झाली की खोड मोडण्याचा धोका झपाट्याने वाढतो. इथे ती सहा-सात इंच तरी हवी. पण हा हिशोब चारही बाजूंनी बंद असलेल्या पोकळीचा. ढोलीला एका बाजूने तोंड असेल तर सात इंचही पुरत नाहीत. आणि मुळं कुजली असतील तर खोडाची भिंत कितीही जाड असली तरी उपयोग नाही.

मुळांची परीक्षा आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत अवघड होते. उन्हाळ्यात ही माती स्वतःच तडकते, त्यामुळे प्रत्येक भेग पाहून घाबरायचं कारण नाही. मातीच्या आपल्या भेगा जाळीसारख्या, वेड्यावाकड्या असतात. झाड हलल्यामुळे पडलेली भेग बुंध्यापासून काही फुटांवर, बुंध्याला वळसा घालून कमानीसारखी जाते, आणि बहुतेक वेळा झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या विरुद्ध बाजूला असते. अशी भेग दिसली तर चर्चा थांबवा आणि त्याच दिवशी अंगणात जाणं बंद करा. नसली तरी फुटभर खणून दोन-तीन जाड मुळं उघडी करून चाकूने टोचून पाहा.

लालबागेच्या आवारासारखी मोकळी जागा असती, खाली माणसांचा वावर नसता, तर मी फक्त वरचा पसारा कमी करून दहा-पंधरा फुटांचं खोड घुबडांसाठी आणि पोपटांसाठी सोडायला सांगितलं असतं. तुमच्या अंगणात ते बसत नाही. बुंध्याला गॅनोडर्मा, वर भिरूड, खाली रोजचा वावर आणि शेजाऱ्यांची कौलं एकत्र आली की झाड उतरवावंच लागतं.

आता त्या पहिल्या ठेकेदाराचं गणित. झाड एका बाजूला पाडायचं तेव्हा त्या बाजूला खाच घेतात, मागून काप देतात आणि मधे लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवतात. ही पट्टी बिजागरीचं काम करते. झाड कोसळताना तीच त्याला दिशा देते. साडेतीन फूट व्यासाला ती साधारण चार इंच जाड हवी आणि आरपार सलग हवी. तुमच्या झाडात मधला गाभाच कुजला असेल तर बिजागरीची फक्त दोन टोकं उरतात, आणि तीही सारख्या ताकदीची असतील याची खात्री नाही. एक टोक आधी तुटलं की झाड वळतं. हायड्राने कितीही ओढलं तरी वळणाऱ्या झाडाला सरळ आणता येत नाही. उलट ताणलेला दोर तुटला तर तो ज्या जोराने मागे येतो त्याने माणूस जागीच जाऊ शकतो. गल्लीची रुंदी आणि झाडाचा पसारा मोजून पाहा. तो पसारा तिथे मावतच नाही, तारा तर राहूच द्या.

मग तो फुकट का करतो? कारण ११ फुटी बुंध्याचं लाकूड त्याला अखंड हवंय. वरून तुकडे केले की त्याची किंमत घटते. त्याचं नुकसान आणि तुमचा धोका यांत तो स्वतःचं नुकसान वाचवतोय, एवढंच. खोकी बनवणारे, वखारवाले, होमहवनाला आंब्याचं लाकूड विकणारे, सगळे त्याचे गिऱ्हाईक. चांगला माणूस मजुरी घेतो आणि लाकडाचा हिशोब वेगळा करतो.

या कामात जी गोष्ट सर्वांत कमी विचारली जाते ती अशी. निरोगी झाड उतरवताना झाड स्वतःच तीन कामं करतं: चढणाऱ्याला उभं राहायला जागा देतं, दोर ओवायला खांब होतं आणि शेवटी बुंधा पाडताना बिजागरी होतं. रोगट झाडात या तिन्हींवर एकाच वेळी अविश्वास दाखवावा लागतो. त्यामुळे कुठली फांदी आधी कापायची हा प्रश्न नंतरचा. कापलेल्या तुकड्याचं वजन आणि धक्का कोण घेणार, हे कापण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. दुसऱ्या ठेकेदाराला विचारायचे सगळे प्रश्न यातूनच निघतात.

वजनाचा अंदाज लोक नेहमी कमी धरतात. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरा, म्हणजे घनफुटाला २८ किलो. एक फूट जाड आणि तीन फूट लांब ओंडका साधारण ६५-७० किलो, दोघं उचलतात. जाडी दोन फूट झाली की तेवढ्याच लांबीचा ओंडका २६५ किलोच्या आसपास जातो. जाडी दुप्पट, वजन चौपट. तुमच्या बुंध्याची, भरीव असता तर, एक फूट उंचीची चकतीसुद्धा २७० किलो भरली असती. आणि हे स्थिर वजन. तोच ओंडका तीन-चार फूट खाली पडून दोराला झटका देतो तेव्हा दोरावरचा ताण त्याच्या कित्येक पट होतो. दोर जर वरच्या कप्पीतून जात असेल तर त्या कप्पीला, म्हणजे ती जिथे बांधली त्या फांदीला, जवळजवळ त्याच्या दुप्पट ओढ बसते, कारण दोराच्या दोन्ही बाजू तिला खालीच ओढतात. निरोगी आंबा हे सोसतो. पोखरलेली बेचकी सोसेल का, हे झाडावर चढून अजमावायचं नसतं.

म्हणून पहिला प्रश्न: ‘कप्पी कुठे बांधणार?’ तो ‘आंब्याच्याच वरच्या बेचकीत’ म्हणाला तर पुढचं बोलणं नको. तुमच्याकडे वीस-बावीस फुटांवर कडुनिंब आहे, ते नशीब समजा. तो निरोगी आणि पुरेसा जाड असेल, ठोकून-तपासून पाहिलेला असेल, तर कप्पी त्याच्यावर बांधून आंब्याच्या त्या बाजूच्या फांद्या तिकडे झुलवत खाली आणता येतात. गल्लीच्या बाजूला क्रेन उभी करता आली तर उत्तम. क्रेनला बांधलेला तुकडा कापला की झाडाला जवळजवळ धक्काच बसत नाही. फक्त ती क्रेन लांब हाताची, जमिनीवर पाय टेकणारी हवी. हायड्रा हे उचलून चालत नेण्याचं यंत्र आहे. कापलेले ओंडके गाडीत भरायला ती छान, साठ फुटांवरची फांदी धरायला नव्हे. क्रेनचे पाय टेकतील ती जमीन आता एप्रिलमध्ये कडक आहे. पाऊस पडल्यावर काळ्या मातीत ते रुततात, हे वेळ न घालवण्याचं आणखी एक कारण.

दुसरा प्रश्न: ‘चढणारा स्वतः कुठे अडकणार?’ त्याचा दोर आणि ओंडके उतरवण्याचा दोर वेगवेगळे हवेत, शक्य तिथे वेगवेगळ्या आधारांवर. तो कापत असताना दोन ठिकाणी बांधलेला हवा आणि त्यातला एक आधार करवतीने कापला जाणार नाही असा, पोलादी गाभ्याचा. आणि तिसरा, ज्याने सगळ्यात जास्त कळतं: ‘वर तुमचा माणूस बेशुद्ध पडला तर त्याला कोण उतरवणार?’ खाली हार्नेस घालून तयार असा दुसरा चढणारा हवा. लटकलेला माणूस काही मिनिटांत खाली यायला हवा. १०८ ची गाडी येईपर्यंत तो वरच राहिला तर ती काय करणार?

आपल्याकडे चढणाऱ्यांची कमी नाही. अलीराजपूर-झाबुआकडची, लहानपणापासून ताडावर चढलेली माणसं या कामाला येतात आणि त्यांचा तोल पाहून थक्क व्हायला होतं. पण ताडाला फांद्या नसतात, तिथे कोणी सव्वाशे किलोचा तुकडा दोरावर झुलवत नाही. चढता येणं आणि झाड उतरवता येणं या दोन विद्या आहेत. कमरेला नुसती दोरी, पायात काही नाही आणि हातात एका हाताने धरलेली चेनसॉ असं दिसलं तर काम थांबवा, मजुरी देऊन परत पाठवा. त्याच्या जिवाचं पाप झाड तोडण्याच्या पापापेक्षा मोठं आहे.

दोराबद्दल थोडं. सियागंज बाजारात मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो, पाण्यावर तरंगतो, सामान बांधायला चांगला. उन्हाने तो कुजतो आणि घासून तापला की लवकर वितळतो. या कामाला पॉलिएस्टरचा विणलेला दोर हवा, आणि तोही कुठे कातरलेला नाही हे बोटांनी चाचपून पाहिलेला. कुठल्याही दोराला गाठ मारली की त्याची ताकद तिथे बरीच घटते, कधी निम्म्यापर्यंतही, हे हिशोबात धरायचं असतं. खाली दोर धरणाऱ्याने तो हाताला गुंडाळायचा नाही. निरोगी बुंध्याला, इथे कडुनिंबाला, वेढे देऊन घर्षणावर सोडायचा. सगळ्यात महत्त्वाचं कसब त्याचंच. ओंडका पडताच दोर करकचून अडवला तर झटका बसतो, थोडा सरकू देत देत थांबवला तर झटका अर्ध्याहून कमी होतो. चांगला दोरवाला मिळाला की चढणारा मोकळ्या मनाने कापतो. आज्ञा एकाच माणसाने द्यायच्या, आणि आपल्या इंदुरी पथकांत त्या हिंदीतच असतात: ‘ढील दो’, ‘रोक’, ‘हटो’. चेनसॉ चालू असताना काहीच ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणाही आधी ठरवून घ्यायच्या.

कापण्याचा क्रम. बहुतेक पथकं खालच्या फांद्या साफ करत वर जातात आणि शेवटी उभा खांब उरतो. निरोगी झाडात हे ठीक. रोगट बुंध्यावर मी असं करत नाही. बाजूच्या फांद्या वाऱ्यात आणि धक्क्यात झाडाचं डोलणं शोषून घेतात. सगळ्या काढून टाकल्या आणि मग शेंड्याचा मोठा तुकडा पाडला की तो नागडा खांब जोरात हेलकावे खातो, आणि ते हेलकावे थेट कुजलेल्या बुंध्यापर्यंत जातात. म्हणून चारही बाजूंनी समतोल राखत, आधी टोकाकडचं ओझं कमी करायचं, तुकडे लहान ठेवायचे, मधल्या काही फांद्या शेंडा उतरेपर्यंत राहू द्यायच्या. चढण्याआधी बुंध्याला तीन दिशांनी ताणाचे दोर बांधून घेतले तर फारच बरं. ते बुंधा सांभाळतात असं नाही, पण मूळ सुटायला लागलं तर वेळ देतात.

प्रत्येक फांदीला आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून. नाहीतर फांदी मोडताना साल आणि लाकूड सोलत खोडापर्यंत येतं आणि चढणाऱ्याच्या दोराखालीच फाटतं. कौलांच्या बाजूचा प्रत्येक तुकडा दोरानेच खाली यायला हवा. अंगणाच्या मधोमध, जिथे खाली काही नाही, तिथे हातात मावणारे तुकडे सरळ टाकता येतात. खाली जुने टायर आणि कापलेली पालवी पसरली की फरशीही वाचते. उरलेला खांब फूट-दीड फुटाचे तुकडे करत खाली आणायचा. तो माणसाहून जरासा उंच आणि मोकळ्या जागेत पडेल एवढाच उरला की मग खाच-काप करून पाडायचा, तोही माणसं दुप्पट उंचीच्या अंतराबाहेर ठेवून.

जुन्या वाड्यातल्या झाडात लोखंड असतंच. झोपाळ्याची कडी, कपडे वाळत घालायची तार, कुणीतरी ठोकलेला खिळा, हे सगळं आंबा सालीखाली गिळून टाकतो. कधी काळी ढोलीत भरलेलं सिमेंटही. चेन त्यावर आदळली की चेन तर जातेच, करवत उसळून कापणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकते. काकांना विचारा, झोपाळा कुठे होता. हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसेल.

आणि मधमाश्या! तोडणारे करवतीला घाबरतात तेवढे या प्राण्याला घाबरत नाहीत, हीच चूक. उंच फांदीवर आग्या मोहोळ असेल तर चेनसॉच्या थरथरीने ते उठतं, आणि दोराला बांधलेला माणूस पळू शकत नाही. मोहोळ असेल तर आधी ते काढणाऱ्याला बोलवा, मगच झाडाला हात. ढोल्या टॉर्च घालून पाहा. पिंगळे आणि पोपट हिवाळ्याच्या शेवटापासून ढोलीत अंडी घालतात, एप्रिलमध्ये पिल्लं आत असू शकतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं येतं. पिल्लं असतील तर तो भाग पिल्लं उडेपर्यंत सोडून बाकीचं ओझं कमी करता येतं. आंब्याचा चीक हा आणखी एक छळ. अनेकांच्या कातडीवर त्याने फोड येतात आणि ओल्या भुशातूनही तो लागतो. पूर्ण बाह्या, हातमोजे, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा.

तारांचं काम सर्वांत आधी. गल्लीतल्या तारा बंद करून मागायच्या त्या विद्युत वितरण कंपनीकडे लेखी अर्ज करून. ‘लाइट गेली आहे, कापून घ्या’ हे चालत नाही. लाइनमनने तार निर्जीव आहे हे तपासून, कामाच्या दोन्ही बाजूंनी ती जमिनीला जोडली पाहिजे. कारण गल्लीतल्या एखाद्या घराचा चुकीचा जोडलेला जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलट दिशेने तारेत वीज सोडू शकतो. ओली फांदी वीज वाहते आणि ओला दोरही.

परवानगी: मध्य प्रदेशात शहरी झाडांसाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे. झाड तुमच्या अंगणातलं, तुमच्या आजोबांचं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज नगर निगममध्ये, म्हणजे महापालिकेत, करा. बुरशीचे, भोकांचे, वाळलेल्या फांदीचे, छपराच्या अंतराचे फोटो जोडा, मोगरी-ड्रिलचं निरीक्षण एका कागदावर लिहा. बदल्यात नवीन झाडं लावायला सांगतील, ती लावाच. वळवाची वादळं एप्रिल-मेमध्येच सुरू होतात, त्यामुळे अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. निर्णयाला उशीर होतोय असं दिसलं तर धोकादायक वाळलेल्या फांदीची छाटणी वेगळी मागा. तोवर अंगणात मुलांचं खेळणं आणि गाडी लावणं बंद. ठेकेदाराकडून मजुरांच्या अपघात विम्याचा कागद पाहून घ्या. परवानगीची एक प्रत लाकूड नेणाऱ्या गाडीतही द्या.

लाकूड उतरलं की भिरुडाने पोखरलेले ओंडके शेजारच्या आंब्यांजवळ रचून ठेवू नका. आतल्या अळ्यांचे भुंगे बाहेर पडतात आणि पुढचं झाड शोधतात. ते लवकर फोडून जाळायला काढा. बुंधा आणि जाड मुळं जमतील तेवढी खणून काढा, कारण गॅनोडर्मा कुजक्या मुळांत वर्षानुवर्षं जगतो आणि मुळांना मुळं लागून पसरतो. कडुनिंबाच्या बाजूची मुळं आधी.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कोणी सांगणार नाही. एवढं झाड काळ्या मातीतून दर वर्षी भरपूर पाणी ओढत होतं. ते गेलं की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ती माती पूर्वीपेक्षा जास्त फुगते. वाड्याच्या त्या बाजूच्या भिंतीत केसाएवढ्या भेगा दिसल्या तर लगेच गवंड्याला बोलावू नका आणि अंगणात नवी फरशी दोन पावसाळे तरी बसवू नका. खड्डा मुरमाने भरून, वरचं पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार ठेवा.

काकांसाठी शेवटचं. झाड वाचणार नाही, पण तो आंबा वाचू शकतो. कोय लावून तोच आंबा मिळेल याची खात्री नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून परागीकरणाने आलेलं वेगळंच रोप उगवतं. कलम मात्र हुबेहूब तेच. निरोगी, उन्हातल्या फांद्यांच्या टोकांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या त्यासाठी लागतात. बुंध्यातली बुरशी त्यांतून जात नाही, भिरुडाची भोकं नसलेल्या फांद्या निवडल्या की झालं. रोपं तयार असलेल्या नर्सरीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, कारण कापलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून थोडेच दिवस टिकतात. शिवाय काड्या कापण्याआधी सात ते दहा दिवस त्यांची पानं देठ ठेवून छाटावी लागतात, म्हणजे काडीवरचे कोंबाचे डोळे फुगतात. तेव्हा निगमची परवानगी हातात पडली की पहिला फोन क्रेनवाल्याला नाही, नर्सरीला करा. आणि नवीन कलम त्याच खड्ड्यात लावू नका, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावा.